चौथं डोकं

क्रेस्कोनियस सम्राटाच्या देवळाचा पुजारी होता. तिथल्या पुतळ्याचं धड जुनंच होतं. सम्राट बदलला की राजधानीहून नवं डोकं यायचं आणि खांद्यांमधल्या खाचेत बसवलं जायचं. यंदा वर्षभरात अशी तीन डोकी बसवून झाली होती.

उत्सवाच्या सकाळी चौथं आलं. ते बसवतो न बसवतो तोच बंदरावरून आलेल्या तेलवाल्याने सांगितलं, की हे सम्राटही मारले गेले. गादीवर आता कोण, ते काही त्याला ठाऊक नव्हतं.

"आता निष्ठेची शपथ कुणाच्या नावानं घेऊ?" क्रेस्कोनियस बायकोला म्हणाला. "आधी मी घ्यायची, मग प्रांताधिकाऱ्यांनी. त्यांच्यासमोर चुकीचं नाव गेलं, तर माझंच डोकं उतरायचं!"

"आणि तुमचं काही राजधानीहून दुसरं यायचं नाही," रोगाता म्हणाली. "अहो, धूप सढळ हातानं टाका. नावापाशी आलात की खोका."

त्याने तसंच केलं. पुतळ्याचा चेहरा धुरात दिसेनासा झाला, आणि नेमक्या नावाच्या जागी क्रेस्कोनियसला असा खोकला लागला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

प्रांताधिकारी उठले आणि थेट त्याच्याजवळ येऊन उभे राहिले.

"पुजारीबुवा," ते त्याच्या कानाशी हळूच म्हणाले, "अजून मूठभर टाका. आता मला खोकायचंय."