तिसऱ्या मजल्यावरचा वास

बेल वाजली तेव्हा बाळंतपणासाठी केरळहून आलेली जिन्सीची आई, अम्मची, सुकी कोळंबी परतत होती. खिडक्या तिने आठवणीने लावून घेतल्या होत्या. त्यामुळे वास दाराच्या फटीतून थेट जिन्यात गेला होता.

हॉस्पिटलात नर्स असलेल्या जिन्सीने दार उघडलं. सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई नाकाला रुमाल लावून उभे होते.

"सिस्टर, घर देताना काय ठरलं होतं? या जैनांच्या बिल्डिंगमध्ये लोक लसूण-बटाटासुद्धा आणत नाहीत."

जिन्सीने दार अर्धं ओढून धरलं. तिला आठवा महिना होता. याआधी अहमदाबादेत सात घरमालकांनी तिचं आडनाव ऐकून नाही म्हटलं होतं.

"मी आत येऊन बघतो. काही सापडलं, तर महिनाअखेर घर रिकामं करायचं."

समोरचं दार उघडलं. हसुमतीबेन चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचं वर्षीतप चालू होतं; वर्षभर एक दिवसाआड उपवास. आज उपवासाचा दिवस. सूर्यास्तापर्यंत फक्त उकळलेलं पाणी.

"काय रे किरीट, बायकांच्या चुलीत काय शोधतोस?"

"मासी, तुम्हाला वास येत नाही?"

"उपाशी माणसाला खालच्या मजल्यावरची फोडणी कळते. इथं कसलाच वास नाही. तुझ्याकडे मात्र डाळ करपतेय. जा, बघ."

किरीटभाईंनी रुमाल काढला, परत लावला. तप करणाऱ्या बाईला खोटं कोण म्हणणार? हात जोडून ते खाली उतरले.

 आपल्या घरातलं यांना काय देता येईल, असा जिन्सीने विचार केला. पाणीसुद्धा चालणार नव्हतं.

"मासी, माझ्यासाठी तुम्ही उपवासात खोटं बोललात."

"बोलले. महाराजसाहेब देतील ते प्रायश्चित्त घेईन. ते माझं मी बघेन." त्यांनी पदर नाकाशी घट्ट धरला. "पण वास सहन होत नाही गं. बुधवारी साडेनऊ ते अकरा मी महाराजसाहेबांच्या व्याख्यानाला असते. पुढच्या वेळी तेव्हा कर."

जिन्सीने मान हलवली. "आता नाही करणार, मासी. कधीच नाही."

"का नाही? पोटातलं मागतं, तर खायला नको?" हसुमतीबेननी जिन्यात वाकून पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणला.

"माझा हर्षद पोटात होता तेव्हा मला बटाट्याचे डोहाळे लागले होते. खाल्ले मी. सासूबाई गेल्या, पण त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."