सॅन डिएगोपर्यंत गरम

"दोनच्या आत कुणी झाकणाला हात लावलात तर याद राखा," ओबदुलियाबाईंनी बजावलं आणि निळ्या आइसबॉक्सवर आणखी एक टॉवेल गुंडाळला.

आत वीस तमाले होते. मक्याच्या पिठात लाल मिरचीतलं डुकराचं मांस भरून, मक्याच्या पानांत बांधून, सकाळी आठला वाफेवरून थेट पेटीत घातलेले. आठ ते दोन म्हणजे सहा तास. माडेराहून सॅन डिएगोला गाडीनं तेवढेच लागतात.

लेकीचं, यारेलीचं, गावच्या कम्युनिटी कॉलेजातलं दुसरं वर्ष चालू होतं. पुढची दोन वर्षं कुठल्या विद्यापीठात काढायची, त्या अर्जाची मुदत उद्या संपणार होती. पोरीला समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचा होता, आणि तो सॅन डिएगोलाच. आईचं म्हणणं, फ्रेस्नोनं काय घोडं मारलंय? अर्ध्या तासावर तर आहे. समुद्र नाही, कबूल. पण मासळी मिळते की.

खरं दुखणं वेगळंच होतं. बाईंचा भाचा लांब शिकायला गेला आणि नाताळात परतला तो पँट दोरीनं बांधून. नुसत्या नूडल्सवर राहून पार वाळला होता. तेव्हापासून बाईंनी नियमच केला. घरचे तमाले जिथवर गरम पोचतील, तिथवरच पोरीनं शिकायला जायचं. गेली पंचवीस वर्षं याच पेटीतून त्या सगळ्या गोतावळ्याला तमाले पोचवत होत्या. चार तासांपुढे ते गार पडतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"सहा तासांनी वाफ निघाली तर खुशाल जा," त्या म्हणाल्या.

"आणि नाही निघाली तर?"

"तर फ्रेस्नो. जेवायला घरी."

यारेली भांडली नाही. तिनं अर्जात फक्त फ्रेस्नोवर खूण केली, लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसाच उघडा टाकला आणि बापाबरोबर, मामाबरोबर चर्चला निघून गेली. बाई तेवढ्या मागे राहिल्या. "पेटीवर पहारा नको? तुमचा एकाचाही भरवसा नाही मला."

दोन वाजता सगळे पेटीभोवती जमले. मामानं बापाशी पैज लावली होती, गारच निघणार म्हणून. बाईंनी एकेक टॉवेल सोडवला आणि झाकण उचललं.

भसकन वाफ आली. बापाचा चष्मा धुरकटला. मामानं छातीवर क्रूस काढला. यारेलीनं आईला मिठीच मारली. मग पेटीतला एक उचलला, बोटं भाजली म्हणून या हातातून त्या हातात नाचवला, पान सोडवून घास घेतला आणि चावता चावता थांबली.

आत चीज होतं आणि हिरवी मिरची.

"आई," ती हळूच म्हणाली, "सकाळी तर मांसाचे भरले होतेस ना गं?"

ओबदुलियाबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या, आणि घडी काही केल्या नीट बसत नव्हती.

"गरम आहे ना? मग गुपचूप खा, आणि तो अर्ज बदल आधी."