वेडावरची गोळी

लोहारावर झोप अशी काही रुसली, की शेवटी डॉक्टरांनी झोपेपुरती म्हणून वेडावरची गोळी दिली. मेडिकलमध्ये कामाला असलेल्या मेव्हण्याने ती ओळखली आणि दोन भाऊ, एक दोरखंड घेऊन तो भट्टीवर चालून आला.

"अरे, मी शहाणा आहे! झोपेसाठी घेतोय!"

"सगळे वेडे असंच म्हणतात, दाजी. आवळा रे!"

दोर गळ्याशी आला तसा लोहाराने घण उचलला. एकाचा गुडघा फुटला, दुसऱ्याचा जबडा निखळला, तिसरा भात्यामागे दडून ताईला हाका मारू लागला.

फौजदार आला, मागोमाग डॉक्टर.

"हा ठार वेडा ना?"

"छे हो! गोळी नुसती झोपेसाठी. माणूस शंभर टक्के शहाणा."

फौजदाराने खिशातून बेड्या काढल्या.

लोहाराने डॉक्टरांचे पाय धरले. "साहेब, झोप गेली खड्ड्यात, आधी मला वेडा म्हणा!"