गोळीभोवतीची चिंधी

"बार भरून ठेवलास तर ठेवलास, कबूल कर की."

"मी काय खुळा आहे, दादा? काल तुझ्यासमोरच रिकामी केली ना?" धाकटा भडकला.

ठासणीची बंदूक दुरुस्तीला आलेली. काल दोघा भावांनी जुना बार काढला, तर गोळीभोवतीची चिंधी गिऱ्हाइकाच्या अंगातल्या चौकटीच्या सदऱ्यासारखीच निघाली. तिघेही हसले. दुपारी गिऱ्हाईक घरी बसल्या जागी मेलं.

बंदूक कुलपात होती. आज गज पुन्हा नळीत पुरता उतरेना, म्हणजे आत बार होता.

धाकट्यानं दातओठ खात गोळी ओढून काढली, चिंधी उलगडली. पिवळ्यावर पांढरे ठिपके. आज सकाळीच शाळेत सोडताना लेकीच्या असल्याच फ्रॉकची बटणं त्यानं लावली होती.

"आता कुणाची रे?" थोरल्यानं विचारलं.

"दादा, मला आता निघायलाच हवं."