मराठीची तिजोरी

“मराठी ही तिजोरी आहे, मोहियुद्दीनभाई. जगात कुठंही उघडी टाका, परका माणूस आत हात घालू शकत नाही,” निमिष म्हणाला.

“असेल. पण इथल्या बलदच्या जुन्या बाजारातला यमनी भाजीवाला काल मला म्हणाला, ‘दादा, कोथमीर ताजी हाय.’”

निमिषनं हा पुरावा फेटाळला. तो इंजिनिअर होता. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढत नसे.

गाडी जेद्दाच्या समुद्राकाठच्या रस्त्यानं रेसच्या ट्रॅककडे चालली होती. मागच्या सीटवर डंकन हॅरोप डोळे मिटून बसला होता. वय अडतीस, मुक्काम इंग्लंड, धंदा ताशी तीनशे किलोमीटरनं गाडी पळवण्याचा. कारकीर्द म्हणाल तर दोन विजय. त्यातला एक पावसात पुढचे चौघे घसरल्यामुळे मिळालेला. दुसऱ्याबद्दल तो अधिकच नम्रपणे बोलत असे.

रेसमध्ये डंकनच्या कानात एकच आवाज असायचा, निमिषचा. आता ब्रेक, आता थांब, आता सोड. वळणापलीकडे काय आहे ते डंकनला दिसत नसे. निमिष सांगे आणि तो पाय दाबे. इतक्या वर्षांत त्या आवाजाला त्यानं एकदाही ‘नक्की का?’ म्हणून विचारलं नव्हतं.

मोहियुद्दीन मूळचा बाणकोटचा. टीमसाठी भाड्यानं घेतलेली गाडी दर वर्षी तोच चालवी. त्यानं निमिषकडे तिरकं पाहिलं.

“तोंड का उतरलंय, साहेब? वहिनींशी भांडलात?”

निमिषनं आरशात पाहिलं. डंकनचे डोळे मिटलेलेच होते. मग त्यानं तिजोरी उघडली.

“याचं कॉन्ट्रॅक्ट टर्मिनेट झालंय. या संडेला लास्ट रेस. मंडेला प्रेस रिलीज. रिप्लेसमेंट म्हणून एक टीनएजर साइन केलाय. मॅनेजमेंटला प्रेझेंटेशन मीच दिलं. ‘टू ओल्ड, टू स्लो’, स्लाइडचं टायटलच ते. नेक्स्ट सीझनला मी त्या टीनएजरचा इंजिनिअर. विथ प्रमोशन.”

“म्हणजे याच्या कफीलानं, मालकानं, याला कामावरून खलास केला आणि याला पत्ताच नाय?”

“कॉन्फिडेन्शियल आहे.”

“आमचा कफील कसलाही असो, साहेब, माणसाला हाकलताना तोंडावर सांगतो. तुम्ही तर याचे दोस्त.”

निमिष अगदी हळू म्हणाला, “याचे वडील गेले तेव्हा शवपेटीला खांदा दिला होता मी. आता याच्या कानाशी बोलायचं म्हटलं की माझी मलाच किळस येते.”

“मग सांगून टाका. यल्ला, चला, ट्रॅकचं फाटक अजून लांब आहे.”

फाटक फार लांब नव्हतं. पण न सांगायला निमिषला तेवढं अंतर पुरलं.

गाडी थांबल्यावर तो मागे वळला आणि रेडिओवरच्या आपल्या खणखणीत इंग्रजी आवाजात म्हणाला, “पोचलो, डंकन. हा वीकएंड आपला आहे.”

डंकन उतरला नाही. त्याचे डोळे उघडे होते. कधीपासून, कोण जाणे.

“टर्मिनेट,” तो इंग्रजीतच म्हणाला. “लास्ट रेस. टीनएजर. प्रेझेंटेशन. प्रमोशन. तुझी भाषा फार सोपी आहे, निमिष. मी उगाच इतकी वर्षं घाबरत होतो.”

मोहियुद्दीननं एसी बंद केला. का केला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.



डंकननं हेल्मेटची पिशवी मांडीवर ओढली. दाराच्या कडीवर हात ठेवला, पण कडी ओढली नाही.

“शेवटी तू हळू आवाजात काहीतरी म्हणालास,” तो म्हणाला. “त्यात ओळखीचा एकही शब्द नव्हता. तेवढं जरा सांगतोस का?”