आतल्या बाजूचा डाग

"चहा सांडला गं," लेक म्हणाली.

आईने रेशमी स्कार्फ हातावर पसरून उजेडात धरला. डाग आतल्या बाजूला होता. बाहेरच्या मोरपंखी रंगावर एक थेंब नाही आणि आत मात्र गव्हाळ, तेलकट पट्टा. चहा आतून कसा सांडतो, हे आईने विचारलं नाही. तिने डाग बोटाने चोळून वास घेतला. मेकअप होता, तोही चांगला जाड थापलेला. चेहऱ्याला कधी पावडरसुद्धा न लावणारी पोर गळ्याला मेकअप लावू लागली होती.

"दे, मी टाकते धुऊन." लेकीने एक हात पुढे केला. दुसऱ्या हाताने गळ्याभोवतीचा टॉवेल घट्ट धरला होता. केस धुतलेत म्हणून टॉवेल, असं तिचं म्हणणं. केस केव्हाच वाळले होते.

"तू पिळशील. रेशमाला पिळायचं नसतं."

आईने टबात गार पाणी घेतलं, थोडा शाम्पू टाकला आणि स्कार्फ पाण्यात नुसता हलवत राहिली. पाणी हळूहळू गढूळ झालं. दुसऱ्या पाण्यात तिने चमचाभर व्हिनेगर घातलं. राग जावयाचा आलाच होता. त्याहून जास्त स्वतःचा आला होता. मागच्या खेपेला लेक भर उन्हाळ्यात हाच स्कार्फ बांधून आली, तेव्हा 'किती शोभतो गं तुला' असं आईनेच म्हटलं होतं.

"टॉवेल काढ."

"नको ना, आई. तूच म्हणायचीस, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीचं म्हटलं होतं. मानेचं नाही."

लेकीने टॉवेल काढला नाही. आईने स्कार्फ कोरड्या पंच्यात गुंडाळून हलकेच दाबला आणि मागच्या गॅलरीत सावलीला टाकला.

"आज नाही गेलीस तर?" तिने दोरीकडे बघतच विचारलं.

"तो न्यायला येतोय," लेक म्हणाली. जणू हेच उत्तर होतं.

दुपार कलताना जावई आला. हसतमुख माणूस, सासरी कधी रिकाम्या हाताने यायचा नाही. फळांची पिशवी टेबलावर ठेवत म्हणाला, "कशा आहात, आई?" आणि त्याच दमात बायकोकडे बघून, "स्कार्फ कुठाय?"

"धुतलाय," सासूने सांगितलं.

"आजच कशाला धुतलात? वाटेत साहेबांच्या घरी जायचंय आम्हाला. ड्रायर फिरवा ना जरा."

"रेशीम आहे, जावईबापू. जोर केला की कायमचं बिघडतं. सावलीत, आपलं आपण वाळू द्यावं लागतं."

तो हसला. "एव्हाना वाळलाही असेल. बघतो." तो उठू लागला.

"थांब, मी बघते," लेक म्हणाली.

आई तिच्या मागोमाग गॅलरीत गेली. स्कार्फ केव्हाच वाळला होता. वाऱ्यावर दोरीला धरून नुसता फडफडत होता. लेकीने त्याचं टोक गालाला लावून पाहिलं. आईला सांगायचं होतं, जाऊ नकोस. पण लग्नापासून ती 'जा बाई, संसार आहे' एवढंच सांगत आली होती. दुसरं वाक्य तिच्या तोंडात बसेना.

"झालं का?" बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला.

लेकीने गळ्याचा टॉवेल सोडला आणि स्कार्फच्या शेजारी दोरीवर टाकला. मानेवर बोटांचे काळेनिळे वळ होते.

लेक तशीच, उघड्या मानेने, खोलीच्या दाराकडे वळली.

"ओला आहे अजून," ती नवऱ्याला म्हणाली. "तू हो पुढे."