हयातीचा दाखला

नगरपालिकेच्या कारकुनाला मान वर करून बोलायला घरी कुणी शिकवलंच नसावं, असं हौसाबाईंचं ठाम मत होतं. चौतीस वर्षं या गावाचे रस्ते झाडून निवृत्त झालेली बाई समोर उभी, आणि हा शाईचं पॅड सरकवून म्हणतो, “हयातीचा दाखला, मावशी. अंगठा लावा.”

“सही येते मला. सहा महिन्यांची पेन्शन कुठाय?”

“फंड रिकामा आहे. तुमच्या पगारातून कापलेले पैसे मागच्या साहेबांनी चौकातल्या कारंज्याला लावले.”

“मग दाखला कशाला?”

“नियम आहे. दरवर्षी जिवंत असल्याचं लिहून दिलं नाही, तर पेन्शन बंद होते.”

बाकावरचे म्हातारे खुसूखुसू हसले. हौसाबाईंच्या पिशवीत मात्र औषधांची चिठ्ठी महिनाभर तशीच पडून होती. त्यांनी ठसठशीत अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं आणि पॅड त्याच्याकडे परत सरकवलं. तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

“मी जिवंत आहे, हे लिहून दिलं. आता तुझा फंड जिवंत आहे असं तू लिही, आणि खाली अंगठा लाव.”